काचेतली खुर्ची

चाचांना कुठलंही यंत्र बिघडलेलं मान्यच नसायचं. "बिघडलेला न्हाय तो. त्याची कुणाशी जुळत न्हाय, एवढंच," असं म्हणायचे. हे ते मिक्सरबद्दल म्हणायचे तसंच स्वतःच्या मेव्हण्याबद्दलही. समोरच्याला वाटायचं, थट्टा चाललीय. पण चाचांच्या चेहऱ्यावर थट्टेचं नावही नसायचं आणि मग आपलंच हसू अर्ध्यात राहून जायचं.

मी तेव्हा भिवंडीत, नारपोलीला एका शेठच्या डिझाइनच्या ऑफिसात नक्शे काढत होते. पडद्याच्या आणि सोफ्याच्या कापडावर जी वेलबुट्टी विणली जाते, ती आधी चौकटीच्या कागदावर ठिपका ठिपका रंगवावी लागते. त्यावरून पुठ्ठ्याचे भोकांचे पत्ते पाडतात आणि ते पत्ते लूमला, म्हणजे मागाला, सांगतात की कुठला धागा उचलायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या शेठला कुणीतरी पटवलं की आता हे सगळं कम्प्युटरवर होतं. कम्प्युटर आला. त्याचा पडदा एवढासा, की अख्खा नक्शा त्यात मावेना. पान दिसलं तर देठ दिसायचा नाही.

शेठला स्वस्तात मिळालेली वस्तू नेहमीच उत्तम वाटे. कशेळीच्या गोदामांत परदेशी कंपन्यांनी टाकून दिलेलं सामान वजनावर विकलं जायचं. तिथून त्यांनी टेम्पोत घालून चार मोठे मॉनिटर आणले. एकेक मॉनिटर उचलायला दोन हमाल लागले. आणि आणल्यावर कळलं की आमच्या कम्प्युटरच्या वायरचं तोंड ह्यांच्या पाठीवर कुठे बसतच नाही. पाठीवर नुसती पाच गोल भोकं. कम्प्युटर बसवून गेलेला ठाण्याचा इंजिनिअर येऊन बघून गेला आणि म्हणाला, भंगार आहे. शेठ दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, कामतघरच्या चाचांना बोलवा.

चाचा रिक्षाने आले. उंच, खांद्यात वाकलेले, पांढरी दाढी नीट कातरलेली. एका हातात हत्यारांची पेटी आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी. पिशवीतून मांजराचं डोकं बाहेर आलेलं.

"हे कशाला?" शेठनी विचारलं.

"हिच्याशिवाय माझं काम होत न्हाय," चाचा म्हणाले आणि मांजराला टेबलावर ठेवलं.

पुढे कळलं की हे मोठे मॉनिटर चालताना एक बारीक आवाज करतात, माणसाच्या कानाला न पोचणारा. मांजराला तो ऐकू येतो. सगळं जुळलं असेल तर मांजर तिथेच मुटकुळं करून झोपायचं. जुळत नसेल तर त्याचे कान मागे जायचे आणि ते टेबलाखाली पळायचं. मग चाचा झटकन बटण बंद करायचे, कारण चुकीच्या चालीवर चालवत ठेवलं तर मॉनिटर आतून जळतो. "आता मांजरीलाही पगार द्यायचा का?" असं शेठ म्हणाले खरे, पण एका मॉनिटरमधून जळका वास आला त्या दिवसापासून तिच्यासाठी दुधाची पिशवी ऑफिसच्या खर्चातून येऊ लागली. मला मात्र त्या मांजराची भीती वाटायची. आम्ही सगळे शांत खोलीत बसलेलो असायचो आणि ते एकटंच कान टवकारून काचेकडे बघत असायचं.

चाचांच्या शेडमध्ये एकेकाळी त्यांचे स्वतःचे चार लूम होते. त्यामुळे काहीही समजावताना ते मागावरच यायचे. मी विचारलं, की चाचा, नक्की अडतं कुठे? तर म्हणाले, "आडवा धागा घेऊन शटल इकडनं तिकडं जाते तेव्हा ताण्याचे उभे धागे उघडलेले पाहिजेत ना? शटल आली न् धागे उघडलेच न्हाय तर?"

"धागे तुटतील."

"बस. ह्याच्या आत पण शटल हाय, उजेडाची. ओळीवर ओळ विणत जाते. तुझा कम्प्युटर एका चालीनं सांगतो, ह्याला दुसरीच चाल येते. हा म्हातारा एकच चाल शिकलाय, नवीन शिकणार न्हाय. मग आपणच कम्प्युटरला ह्याच्या चालीनं चालवायचं."

दुसरी अडचण अशी, की ही चाल आमचा कम्प्युटर वेगळ्या तारेने पाठवायचा आणि ह्या मॉनिटरना ती हिरव्या रंगाच्या तारेतून, रंगाच्या सोबतच यायला हवी होती. चाचांनी साबणाच्या डबीत काहीतरी जोडाजोड करून ती चाल हिरव्या तारेवर चढवली. तेव्हापासून हिरवी तार जरा सैल झाली, की नुसता हिरवा रंग जायचा नाही, सगळं चित्रच आडवं फाटून वाहायला लागायचं. चाचा खिशातून छोटा आरसा काढायचे, मॉनिटरच्या मागे उभे राहून तो पुढे धरायचे आणि आरशात पडदा बघत मागून तार पिळायचे. इतकी वर्षं त्यांनी बहुतेक सगळी चित्रं उलटीच पाहिली असणार.

आणि एवढं करूनही कम्प्युटर सुरू झाल्यावरची पहिली अक्षरं त्या पडद्यावर उमटायची नाहीत. ती अजून जुन्याच चालीची असत. काळ्या काचेसमोर बसून, काहीही न दिसता, पाठ केलेले हुकूम टाइप करायचे. एक अक्षर चुकलं तर कळायचंही नाही. मग थोड्या वेळाने आतून टक्क आवाज यायचा आणि चित्र उगवायचं. त्या मधल्या वेळात चाचा कुणाला बोलू द्यायचे नाहीत. मी एकदा शिंकले तर माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मय्यतीत हसले.

हे काम ते शुक्रवारीच करायचे. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, त्यामुळे वीज डळमळत नाही. माझी सुट्टी बुडायची म्हणून मी कुरकुर करायचे. पण खरं कारण वेगळं होतं. आम्हा भिवंडीकरांना शांततेची सवय नसते. रात्रंदिवस खटखट ऐकत वाढलेल्या माणसाला शुक्रवारी दुपारी आपलाच श्वास ऐकू येतो आणि त्यात समोर ती काळी काच. मला ते नको वाटायचं.

चाचा प्रत्येक मॉनिटरची जुनी नोकरी ओळखायचे. वर्षानुवर्षं एकच चित्र दाखवलं, की ते काचेच्या आत कायमचं करपतं, पुसत नाही. बंद पडदा उजेडात तिरका करून ते बघायचे. एकावर आकड्यांच्या रांगा होत्या. "हा बँकेत होता." दुसऱ्यावर गोलात गोल. "हा विमानांवर नजर ठेवायचा, रिटायर झालाय." तिसऱ्यावर काहीच नव्हतं, तर म्हणाले, "ह्यानं कधी काम केलं न्हाय. शेठचा नातेवाईक दिसतो." शेठ समोर बसलेले होते.

चौथा तिरका केला आणि काहीच बोलले नाहीत. मी वाकून पाहिलं. एक लांब, उजाड बोळकंडी होती, इस्पितळात नाहीतर मोठ्या कचेरीत असते तशी. शेवटी एक बंद दार. दाराच्या बाजूला एक रिकामी खुर्ची. कुठल्यातरी परदेशी इमारतीत पहारेकऱ्याच्या खोलीत हा मॉनिटर असावा आणि त्यावर वर्षानुवर्षं तेवढंच दिसत असावं. माणसं येऊन गेली असतील, पण ती हलली म्हणून उमटली नाहीत. जे हललं नाही तेवढंच राहिलं.

तो मॉनिटर माझ्या वाट्याला आला, कारण रंग त्याचेच सगळ्यात छान होते. पहिले काही दिवस वेलीच्या मागे ते दार मला दिसायचं, मग दिसेनासं झालं. डोळ्याला सवय झाली असं मी समजले. पडद्याच्या कापडाची मोठी ऑर्डर होती. मी पानं काढली, फुलं काढली, शेवटी अख्खा नक्शा समोर मांडून जिथे मळकट वाटतं तिथे उजळ केलं, जिथे फिकं वाटतं तिथे ठिपके भरले. पत्ते पडले, लूम सुरू झाला. मी नक्शा विसरूनही गेले.

एका दुपारी लूमवरचा कारागीर आला. उत्तर प्रदेशातला, कधी वर मान करून न बोलणारा. म्हणाला, "मॅडम, ज़रा नीचे आइए."

कापड तपासायला उन्हात दोरीवर टाकलं होतं. जवळून पाहिलं तर वेल, पानं, सगळं नीट. तो म्हणाला, "पीछे हटकर देखिए." मी मागे मागे सरकत भिंतीला टेकले. पानं विरघळली आणि कापडभर बोळकंडी दिसायला लागली. दार, खुर्ची. पुन्हा दार, खुर्ची. जेवढं कापड तेवढ्या खुर्च्या. मॉनिटरच्या काचेतल्या काळसर जागा मी नकळत भरून काढत गेले होते आणि त्या तशाच धाग्यात उतरल्या होत्या.

"इसमें बैठने की जगह है," तो कारागीर म्हणाला. "ये अपने घर में मत लटकाना."

शेठ तापले. तो सगळा माल गाद्यांच्या आतल्या अस्तरासाठी देऊन टाकला आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. कुणी कुणी त्यावर झोपत असतील. मॉनिटर फोडून टाका, असा हुकूम निघाला. चाचांना बोलावलं. त्यांनी कापडाचं टोक हातात धरलं, लांब केलं आणि मला विचारलं, "पोरी, खुर्ची दाराच्या कुठल्या बाजूला हाय?"

"उजव्या. दिसतेय की."

"बरोबर. उजव्याच बाजूला होती."

मला वाटलं, म्हातारा मॉनिटरबद्दल बोलतोय. त्यांनी तो फोडू दिला नाही. हातगाडीवर घालून, वर चादर टाकून, स्वतः धरून घरी नेला.

त्यानंतर चाचा ऑफिसात यायचे थांबले. दोन मॉनिटर अडून बसले, शेठनी निरोपावर निरोप पाठवले, उत्तर नाही. मग त्यांची मोठी बहीण मला भेटायला आली. तिला सगळे आपा म्हणत, विधवा होती, चाचांच्या शेडच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि भावाला रांधून घालायची. जिना चढून दमलेली. बसली आणि एकदम रडायलाच लागली.

"तो जेवत न्हाय ग. शेडमध्ये जाऊन बसतो. सकाळी उठला की बसतो, हाक मारली तर म्हणतो, हललो तर दिसणार न्हाय. कुणाला दिसणार, ते सांगत न्हाय. अशानं मरंल तो. तुझं ऐकतो, तू चल."

शुक्रवार होता. कामतघरच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेडच्या फरशीवर जिथे लूम होते तिथे बोल्टची भोकं तशीच होती. एका टोकाला लोखंडी टेबलावर तो मॉनिटर, मंद राखाडी उजेडाचा. समोर स्टुलावर चाचा बसलेले. स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा केलेल्या. अंगात इस्त्रीचा कुर्ता, डोक्यावर टोपी, अत्तराचा वास. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून थर्मास आणि घडी केलेली चादर दिसत होती.

"चाचा, काय करताय?"

"बसलोय."

"कुणासाठी?"

"हळू बोल. आत झोपलेली असंल."

मी पडद्याकडे पाहिलं आणि मागे सरकले. बोळकंडी तशीच होती, दार तसंच बंद. पण खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यात एक माणूस बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन, दाराकडे कान देऊन. मग चाचांनी पिशवी सावरली आणि त्या माणसानेही सावरली. तेव्हा कळलं. खिडकीचा उजेड चाचांच्या अंगावर पडत होता आणि त्यांचं प्रतिबिंब काचेत बरोबर त्या खुर्चीवर बसत होतं. त्यासाठीच त्या खडूच्या खुणा. कळलं म्हणून भीती गेली, असं मात्र झालं नाही.

"मला माहीत हाय, तो मीच हाय," चाचा मान न वळवता म्हणाले. "मी येडा न्हाय पोरी. काच हाय, उजेड हाय. पण तिथं कुणीतरी बसलेला दिसाय पाहिजे."

मग तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. आमची ओळख व्हायच्या आधी त्यांची बायको ठाण्याच्या इस्पितळात होती. आत फक्त बाईमाणसाला सोडत, म्हणून आत आपा आणि बाहेर दाराच्या उजव्या बाजूला खुर्चीवर चाचा. रात्रीही तिथेच, दिवसाही तिथेच. एका दुपारी निरोप आला की कशेळीला गाडी लागलीय, मोठे मॉनिटर आलेत, उशीर केला तर भंगारवाले काचा फोडतील. चाचा म्हणाले, जाऊन येतो. परत आले तेव्हा खुर्ची रिकामी आणि दार उघडं होतं.

"शेवटी तिनं आपाला विचारलं, ते बाहेर बसलेत ना? आपा म्हणाली, हो, बसलाय. कुठं जातोय तो." चाचांचा आवाज अजिबात चढला नाही. "आपानं मला हे दफनानंतर सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून. आता ती हे घेऊन गेली ना, की मी बसलोय? मग बसाय नको?"

दाराशी आपा ताट घेऊन उभी होती. कधी आली कळलं नाही. तिने ताट जमिनीवर ठेवलं आणि सरळ भावाच्या आणि पडद्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"बाजूला हो आपा."

"न्हाय होत. ऐक. मी तुला अर्धंच सांगितलं होतं. मी 'बसलाय' म्हणाले, तर ती हसली. म्हणाली, खोटं नका बोलू. गेले असतील कुठं मशीन बघाय. जाऊ द्या, त्यांना बसवत न्हाय एका जागी. आले की म्हणावं, जेवून घ्या."

चाचांनी मान वर केली. "खरं?"

"खरं."

"कसम घे."

आपा कसम घेणाऱ्यातली नव्हती. भाजीवाल्याशी भांडतानाही तिच्या तोंडून कधी तो शब्द निघाला नसेल. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "अल्लाची कसम," ती म्हणाली.

चाचा लहान मुलासारखे रडले. खांदे गदागदा हलत होते. मग पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले, ताट उचललं आणि जिन्याने वर गेले. वर भांड्याचा आवाज झाला, पाणी ओतल्याचा झाला. मी मॉनिटर बंद करायला हात पुढे केला.

आपाने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली.

"का आपा? संपलं ना आता?"

"ती काही बोलली न्हाय ग." तिने वर जिन्याकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मी 'बसलाय' म्हणाले, ते तिला खरंच वाटलं. डोळे दाराकडे लावून गेली ती."

आपाने स्टुलाचे पाय खडूच्या खुणांवर नीट बसवले, स्टुलावर बसली आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली. "तू जा पोरी. मी बसते."

चाचा त्यानंतर माणसात आले. आमच्या ऑफिसचे मॉनिटर त्यांनी पुन्हा जुळवून दिले, पिशवीतलं मांजर आलं, शेठशी भांडणंही सुरू झाली. शेडमध्ये मात्र ते परत कधी उतरले नाहीत. कधीमधी शुक्रवारी मी त्यांच्याकडे जायचे, तर वर चहा व्हायचा. लूम बंद असायचे, गल्ली चिडीचूप. आपा कप ठेवून उठायची आणि म्हणायची, खाली शेड झाडून येते.

झाडू मला समोर दाराआड टेकवलेला दिसत असायचा. चाचांनाही दिसत असावा. ते मला म्हणायचे, चहा घे, गार होतोय.